कॅनॉलमामांचं लाभक्षेत्र

कॅनॉलमामांच्या बैठकीत पूर्वेच्या खिडकीपाशी एक नामी जागा आहे. सकाळचं कोवळं ऊन तिथं तासभर येतं, मग दिवसभर सावली. कूलरचा गारवा पोचतो, पण झोत अंगावर येत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना जिंतूर रोडवरून होरपळत आलेला माणूस दारातूनच ती जागा हेरतो. मामा त्याच्या दंडाला धरतात आणि समोरच्या भिंतीलगत, जिथं कूलरचा नुसता आवाज येतो, त्या लोखंडी खुर्चीत नेऊन बसवतात. खिडकीपाशी माणसांनी बसायचं नसतं. तिथं तीन पायऱ्यांची लाकडी मांडणी आहे आणि तिच्यावर मामांची ब्रोमेलियाडं विराजमान आहेत. प्रत्यक्ष जावयालाही धोंड्याच्या महिन्यात अनारशांचं ताट मांडीवर घेऊन त्या लोखंडी खुर्चीतच बसावं लागलं होतं.

मामा आमचे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. सगळी हयात पाटबंधाऱ्याच्या नोकरीत गेली, कॅनॉल इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले, आणि गल्लीतल्या पोरांनी दोन्ही गोष्टी एकत्र करून हे नाव पाडलं. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली आणि लोकार्पण इंदिराबाईंच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ ला, हे मामा झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्वतःच्या लग्नाची तारीख विचारली तर मात्र मामींकडे बघतात.

निवृत्तीनंतर परभणीचा माणूस साधारणपणे पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला लागतो, नाहीतर प्लॉटच्या खरेदी-विक्रीत पडतो. अगदीच करमेना तर गावाकडच्या वावराचा जुना बांध उकरून चुलतभावाशी भांडण काढतो. मामांनी तिन्ही करून पाहिलं. फिरताना गुडघा दुखला, प्लॉट एनए निघाला नाही आणि चुलतभाऊ भांडायच्या आतच बांध सोडून मोकळा झाला. अशा मोकळ्या पडलेल्या माणसाच्या हाती ब्रोमेलियाड लागलं.

ही जात गावोगाव असते. चाळीस डिग्रीत केसाळ कुत्रं पाळणारी, टँकरच्या गावात मत्स्यालय मांडणारी. आपल्या हवेला, मातीला आणि पाण्याला जे मुळीच मानवत नाही, नेमकं तेच घरात जगवून दाखवायची यांना खुमखुमी असते. परसात न लावता उगवलेली पपई फळांनी लदलेली असते, तिच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत. जी वस्तू मरायला टपलेली आहे, तीच त्यांना जगवायची असते. आमच्याकडे ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं म्हणायची पद्धत आहे. मामांच्या झाडांना हे वाक्य शब्दशः लागू पडतं. ब्राझीलच्या जंगलात, कोस्टारिकाच्या धुक्यात ज्यांचं बनलं नाही, ती झाडं परभणीला आली.

पहिलं झाड पुण्याहून लेकीनं आणलं. हडपसरच्या एका नर्सरीतलं लाल गुझमेनिया. हिरव्यागार पानांच्या मधोमध लालभडक शेंडा, इतका चकचकीत की मामांनी आठ दिवस ते शोभेचं समजून टीव्हीवर ठेवलं. नवव्या दिवशी लेकीचा फोन आला, "बाबा, पाणी घालताय ना?" तेव्हा ते खरं असल्याचं कळलं. ही शंका पुढं सगळ्या परभणीनं घेतली. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या लाल शेंड्याला चिमटा घेतो आणि मग विचारतो, "मामा, हे खरं हाय का प्लास्टिकचं?"

"कामून हात लावायलास? डोळ्यांनी दिसत नाही का?"

"नाही, म्हटलं चमकायलंय लई."

चिमट्यांचे डाग पडून दोन शेंडे काळे झाल्यावर मामांनी मांडणीपुढं सुतळी बांधली.

चिमटा झाला की दुसरा प्रश्न ठरलेला. कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि तुरीच्या जिल्ह्यात झाडाला हा प्रश्न चुकत नाही. "येतं काय ह्याला?" काही येत नाही म्हटलं तर समोरचा माणूस मामांकडे काळजीनं बघतो. मामींच्या सेलूच्या भावानं तर एकरी उतारा विचारला होता. म्हणून मामांनी एक उत्तर बसवून ठेवलंय. "अननस माहीत आहे का? त्याच्या कुळातलं आहे हे." इथून पुढं ऐकणाऱ्याची सुटका नसते. या कुळात तीन हजारांहून जास्त जाती, एक सोडून सगळ्या अमेरिका खंडातल्या, ती एकटीच पश्चिम आफ्रिकेत कशी जाऊन बसली हे कोडंच. कोलंबसाला १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर अननस दिसला. पोर्तुगीजांनी तो आपल्याकडं आणला आणि नावही त्यांचंच राहिलं. ब्रोमेल नावाच्या स्वीडिश डॉक्टरवरून कुळाचं नाव पडलं. मामा हे सगळं सोयरीक सांगितल्यासारखं सांगतात, मामेकुळ-आतेकुळासकट. तोवर सेलूचे पाहुणे एवढंच लक्षात ठेवून असतात की अननस येणार आहे. पुढच्या खेपेला आल्यावर ते विचारतात, "आला का?"

पण मामा या झाडावर भाळले ते कुळासाठी नव्हे. खरं कारण वेगळं आहे आणि ते कळायला कालव्यावरची नोकरी कळावी लागते.

पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर चालत येतो आणि आमचा जिल्हा त्याच्या शेपटाकडं येतो. कालव्याच्या भाषेत टेल. नियम असा की पाळी आधी टेलला द्यायची आणि मग मागं मागं हेडपर्यंत यायचं. पाण्याला मात्र हा नियम वाचता येत नाही आणि हेडच्या शेतकऱ्यांना वाचायचा नसतो. मामांची उभी हयात पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज गोळा करण्यात, पाळीपत्रक लावण्यात आणि रात्री-बेरात्री कुणी चारी फोडली ते बघण्यात गेली. टेलचे लोक म्हणायचे, "साहेब, कागदावर पाणी आलं, वावरात कधी येईल?" हेडचे लोक चहा पाजायचे आणि पाठ वळली की दार उचलायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात तर जायकवाडीच मृतसाठ्यात गेलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा उन्हाळा. त्या वर्षी मामांकडं पाळीपत्रक होतं, दारं होती, चाव्या होत्या, चौकीदार होते. फक्त पाणी नव्हतं.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं, की या झाडाच्या पानांचा मधोमध पेला होतो, पावसाचं पाणी तो पेला स्वतः साठवतो, आणि पानांवरच्या बारीक खवल्यांतून झाड ते लागेल तसं पीत राहतं. मुळं बहुतेक धरून बसण्यापुरती. जंगलात ही झाडं दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतात, त्याचा थेंबभर रस घेत नाहीत. यातली बरीचशी पाणी उडू नये म्हणून दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात.

मामा गुझमेनियाच्या पेल्यात बराच वेळ डोकावून बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे ह्याचं धरण ह्याच्याच घरात. कालवा नाही, चारी नाही, टेल नाही." आणि नंतर, जरा थांबून, "अर्ज नाही."

त्या दिवसापासून मामांचं खातं पुन्हा सुरू झालं.

पहिली खेप मात्र वाया गेली आणि ती परभणीच्या अभिमानापायी गेली. आमची माती काळी, खोल, कसदार. परभणी क्रांती भेंडी आणि परभणी शक्ती ज्वारी देणारं विद्यापीठ ज्या मातीवर उभं आहे, त्या मातीत परदेशी झाड लावायला काय कमी? मेव्हण्यानं सेलूहून पोतंभर माती आणली, वर शेणखत दिलं, जाता जाता मूठभर डीएपीही टाकायला सांगितलं. काळ्या मातीला पाणी मिळालं की ती सोडत नाही. कापसाला ते वरदान आणि ब्रोमेलियाडच्या मुळांना फास. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली, महिन्याभरात हात लावला की शेंडा अख्खा हातात यायला लागला. आतून पाण्यात सडलेला. मेव्हणा म्हणाला, "खत कमी पडलं."

मामांना तेव्हा कळलं की या झाडाला मातीच नको. आता कुंडीत नारळाच्या शेंड्या, लोणारी कोळसा, विटेचे बारीक तुकडे आणि थोडा कोकोपीट असतो. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून येतो. इस्त्रीवाल्याला अजून वाटतं की मामींनी शेगडीवरचा स्वयंपाक पुन्हा धरलाय. कुंडीही लहानच लागते. पाहुण्यांना दया येते, "मोठी घ्या ना मामा, कोंडल्यासारखं झालंय बिचाऱ्याला." पण मोठी कुंडी म्हणजे ओल जास्त आणि ओल जास्त म्हणजे मुळं कुजणार. दुसरा घात पुतण्यानं केला. तो कृषी सेवा केंद्रावर बसतो. पानावर डाग दिसले म्हणून प्रेमानं कॉपर ऑक्सिक्लोराईड मारून गेला. कापसाला, मिरचीला चालणारं औषध. ब्रोमेलियाडला तांबं विष. एका आठवड्यात चार झाडं गेली. पुतण्या अजून येतो, पण खिशात काय आहे ते दाखवून आत येतो.

मामांचा छंद घरात कसा रुजला हे मामींना विचारावं. मामी झाडांच्या विरोधात नाहीत. त्यांचं म्हणणं इतकंच की घरात दोन माणसं आणि अठ्ठावीस झाडं, तर निदान मतदान घेऊ नये.

सगळ्यात मोठा तंटा पाण्यावरून. नळाला पाणी आठवड्यानं येतं. एरवी बोअर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कांडी दर वर्षी पांढरी होऊन निघते. ते पाणी पेल्यात घातलं तर पानांवर पांढरी पुटं चढतात आणि खवले बुजतात. ब्रोमेलियाडला पावसाचं पाणी लागतं. परभणीत वर्षाला नऊशे मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो असं हिशोब सांगतो, पण तो पडतो तेव्हा धो धो पडतो आणि पडत नाही तेव्हा महिना महिना तोंड दाखवत नाही. म्हणून मृग लागला की मामांच्या गच्चीवर घरातलं एकही भांडं खाली राहत नाही. पातेली, तपेली, पराती, कुकरचा डबा, सत्यनारायणाचा कलश. पहिला पाऊस धूळ धुवून जाऊ द्यायचा, दुसऱ्यापासून धरायचा. मग गाळून पाच लिटरच्या कॅनमध्ये भरायचा आणि कॅनवर खडूनं नक्षत्र लिहायचं: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, मघा, हस्त. मामांच्या मते मघाचं पाणी एकमिया या जातीला मानवतं आणि हस्ताचं निओरेजेलिया जातीला. याला आधार काही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "विज्ञान एका बाजूला आणि अनुभव एका बाजूला." अनुभव म्हणजे त्यांना तसं वाटतं.

कॅन पलंगाखाली रांगेनं असतात. दिवाळीत आलेल्या एका व्याह्यांनी रात्री तहान लागली म्हणून अंधारात पलंगाखालून हात घालून ‘हस्त’ अर्धा रिकामा केला. सकाळी मामांनी पहिल्यांदा कॅनची उंची मोजली आणि मग व्याह्यांची तब्येत विचारली.

थंडीचा प्रकारही निराळा नाही. डिसेंबरात एखादी लाट आली की वर्तमानपत्रात परभणीचा पारा मराठवाड्यात सगळ्यात खाली म्हणून छापून येतो. गुझमेनियाला दहाच्या खालची थंडी सोसत नाही. त्या रात्री मामा खिडकी बंद करतात, मांडणी आत ओढतात आणि निवृत्तीच्या सत्कारात मिळालेल्या तिन्ही शाली झाडांवर पांघरतात. श्रीफळांचं काय झालं असं विचारलं, तर त्यांच्या शेंड्या कुंडीत आहेत.

उन्हाळ्यात अर्थात कूलर. परभणीची मे महिन्यातली दुपार कोरडी ठणठणीत असते, आणि या झाडांना दमट हवा लागते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या असल्या की हवाही खेळते आणि ओलही राहते. एसीपेक्षा हे केव्हाही बरं. मामांचा हा सिद्धांत बरोबर आहे. चूक एवढीच की बैठकीतला कूलर हा घरातला एकमेव कूलर आहे. भारनियमनात इन्व्हर्टरवर एकच पंखा चालू शकतो, तो कुठला हे विचारायची गरज नाही. मामी स्वयंपाकघरातून म्हणतात, "मी एक कुंडीत बसते. मग तरी लक्ष जाईल."

टिलँड्सिया नावाची जात मामांनी बोलावून घेतली ती त्यातल्या त्यात निरुपद्रवी. तिला कुंडी नाही, माती नाही. तारेला अडकवायची आणि अधूनमधून पाण्यात बुचकळून काढायची. पण पहिल्याच आठवड्यात भांड्यावाल्या मावशींनी वाळलेली कांद्याची पात समजून दोन टिलँड्सिया केरात टाकल्या. तिसरी, लांब करड्या जटांची, खिडकीत टांगली होती. समोरच्या काकूंनी मामींना विचारलं, "कुणाची नजर लागायलीय का तुमच्या घराला? आमच्याकडं आम्ही बिब्बा बांधतो." मामींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "लागलीच आहे म्हणा ना."

जुलैत कसोटी लागते. डेंग्यूचे दिवस आले की घरोघरी पाण्याची भांडी तपासायला आशाताई येतात. टॉर्च, वही, खडू आणि औषधाची बाटली. टाकी उघडायची, रांजण बघायचा, टायर असेल तर पालथा घालायचा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगायचं, दारावर तारीख लिहायची. मामांच्या दारात ताईंनी मांडणीकडं बघितलं आणि टॉर्च लावला. अठ्ठावीस पेले, अठ्ठावीस पेल्यांत पाणी.

"मामा, हे समदं उपडं करा."

मामांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. हेडच्या शेतकऱ्यानं दार फोडलं तेव्हाही तो असा झाला नसेल. "ताई, ही कुंडी नाही. झाडाच्याच आत पाणी असतं. ते त्याचं पोट आहे."

"पोट असू द्या नाहीतर काही, डासाला काय कळतंय? अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात."

मग मामांनी वही काढली. ती वही मी नंतर पाहिली, म्हणून सांगतो. लांबट, लाल कापडी पाठीची, नोकरीतून उरलेली. दर शुक्रवारी एक पान. ‘एकमिया क्र. २: साठा ८० टक्के. गुझमेनिया क्र. ४: ६० टक्के, तळाला पानाचा कचरा, काढला. निओरेजेलिया क्र. १: मृतसाठा. आवर्तन टेल टू हेड पूर्ण. पेले रिकामे केले, नवीन पाणी (पुनर्वसू). उरलेले तुळशीला सोडले.’ खाली सही आणि पूर्वीच्या सवयीनं ‘माहितीस्तव सविनय सादर’. कुणाला सादर, ते कुणालाच माहीत नाही.

आठवड्यानं पाणी बदलत असतील तर अळी व्हायचा प्रश्नच नाही हे ताईंना पटलं, पण वहीवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं असावं. त्यांनी एकेका पेल्यात टॉर्च मारला. एकमियाच्या काटेरी कडांनी त्यांच्या बोटाला ओरखडा काढला. मामा मागं उभे राहून प्रत्येक पेल्याला ‘स्वच्छ’ म्हणत होते. अठ्ठाविसाव्या पेल्यानंतर ताईंनी टॉर्च सहज खाली, कूलरच्या टाकीत वळवला. पावसाळा लागल्यापासून बंद असलेला कूलर. टाकीत अळ्यांची अख्खी शाळा भरली होती.

मामी आतून म्हणाल्या, "तुमच्या लाभक्षेत्रात नव्हता वाटतं तो?"

ताईंनी हसू दाबत औषध टाकलं आणि दारावर खडूनं तारीख लिहिली. त्या शुक्रवारपासून वहीत ‘कूलर क्र. १’ अशी नवी नोंद आली.

१८ मे हा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिन. खरिपाच्या तोंडावर तिथं शेतकरी मेळावा भरतो. मंडपात प्रश्नोत्तरं असतात: गुलाबी बोंडअळीचं काय करावं, सोयाबीनचं कुठलं बियाणं घ्यावं, तुरीवर मर येतो. मामा एका वर्षी तिथं उठून उभे राहिले आणि माइक हातात घेऊन त्यांनी विचारलं की व्रिसिया नावाच्या ब्रोमेलियाडचा पट्टेदार पानोळा उन्हात का भाजतो. मंडपात क्षणभर सगळेच गप्प झाले. शेजारच्या पगडीवाल्यानं विचारलं, "कुठलं पीक हे? क्विंटलला काय भाव हाय?" व्यासपीठावरून सांगण्यात आलं की मेळाव्यानंतर भेटावं. मामा भेटले. सावलीत ठेवा, असं उत्तर मिळालं. मामा आजही ते उत्तर ‘विद्यापीठाची शिफारस’ म्हणून सांगतात.

ब्रोमेलियाडची खरी नाटकं फुलायच्या वेळी होतात. प्रत्येक झाड आयुष्यात एकदाच फुलतं. तो लाल-गुलाबी शेंडा म्हणजे खरं तर रंगीत पानं, महिना-दोन महिने नव्हे तर कधी कधी पाच-सहा महिने टिकणारी. खरी फुलं त्यांच्या आड बारीकशी येऊन जातात. पण घरात ते फुलायला कंटाळा करतं. मामांकडचं एक एकमिया तीन वर्षं नुसतं पानं वाढवत बसलं होतं. मग मामांना कळलं की फळ पिकताना जो वायू सोडतं, तो इथिलीन, त्यानं या झाडाला फुलायची आठवण होते. एकोणिसाव्या शतकात अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरात चुकून धूर झाला, माल गेला म्हणून मालक कपाळ धरून बसला, आणि सगळी झाडं एकदम फुलली. त्या धुरातही हाच वायू होता. लोक पेल्यातलं पाणी काढून झाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पिकलेल्या सफरचंदासोबत आठ-दहा दिवस बांधून ठेवतात. मामांनी सफरचंदाचा भाव विचारला आणि केळी आणली. अर्धापूर शेजारच्याच जिल्ह्यात, केळ्यांना काय तोटा. शिवाय पिकलेलं केळंही तोच वायू सोडतं.

पुढं दहा दिवस एकमिया पाहुण्यांसमोर पिशवीत गुदमरून बसलं होतं आणि आत दोन केळी काळी पडत होती. नेमकी पौर्णिमा आली. प्रसादाच्या शिऱ्याला मामींना केळी हवी होती. मामा बाहेर गेलेले. मामींनी पिशवी सोडली, केळी बघितली, नाक मुरडलं आणि परत बांधून ठेवली. मामा म्हणतात, त्यांनी पिशवी सोडली म्हणून दोन दिवस वाढवावे लागले. मामी म्हणतात, पिशवी सोडली नसती तर ते झाड कुजलं असतं. ते काही असो, दोन महिन्यांनी एकमियाच्या पेल्यातून गुलाबी कोंब वर आला. पुढं त्या गुलाबीत निळी फुलं दिसली. गल्लीतले लोक बघायला आले. सेलूचे पाहुणेही आले. त्यांनी चहूबाजूंनी बघितलं, पिशवी झोळ्यात परत घातली आणि म्हणाले, "म्हणजे अननस नाहीच."

फुललं की मूळचं झाड हळूहळू ओसरतं, पण जाताना बुडाशी पिल्लं देतं. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की तीक्ष्ण सुरीनं कापून वेगळं लावायचं. फार लवकर कापलं तर ते तग धरत नाही. मामांकडं पिल्लं झाली तशी मागणी वाढली. फुकटचं झाड कोण नको म्हणणार? गल्लीतल्या सात-आठ जणांनी नंबर लावला. तेव्हा मामांनी एका छापखान्यातून पन्नास अर्ज छापून आणले. हुबेहूब सात नंबर. अर्जदाराचे नाव, घराची दिशा, खिडकी पूर्वेला आहे काय, पाण्याचा स्रोत (नळ/बोअर/पाऊस), घरात कूलर आहे काय, असल्यास टाकी कोण धुतं. दोन साक्षीदारांच्या सह्या. अपात्र अर्जावर कारण लिहून ते अर्जदाराच्या दारात टाकले जातात. गल्लीतल्या वकीलसाहेबांचा अर्ज ‘अर्जदार चिमटे घेतो’ म्हणून फेटाळला गेला. पुतण्याचा अर्ज न वाचताच.

मीही अर्ज केला. खिडकी पूर्वेला, पाणी पावसाचं, कूलरची टाकी स्वतः धुतो, असं खरं तेच लिहिलं. पोळा गेला, गणपती गेले, हस्ताचे कॅनही भरून झाले. काल मामा गच्चीवर भेटले तेव्हा मी विचारलंच.

"मामा, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"मंजूर आहे. पण तुमचं घर गल्लीच्या शेवटी. टेलला. जरा वेळ लागतो."

"अहो पण नियम टेल टू हेड आहे ना? आधी टेलला द्यायचं."

मामांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं आणि नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "ते झाडांसाठी."